गुरुजींचा वेळ

दरवर्षी ५ सप्टेंबर जवळ आला की आमच्याकडे शिक्षकांवरील लेखांचा ओघ सुरू होतो. बहुतेक लेखांत शिक्षक म्हणजे जळणारी मेणबत्ती असते, नाहीतर शिल्पकार असतो, नाहीतर माळी. उपमा देण्याच्या बाबतीत आपण कधीच कंजुषी केलेली नाही. शिक्षकाचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो, त्याला आनंद नेमका कोठे मिळतो आणि तो आनंद त्याच्या हातून कशामुळे निसटतो, हे मात्र या लेखांत क्वचितच वाचावयास मिळते. ज्या घरात वा ज्यांच्या नात्यात एकही शिक्षक नाही असे कुटुंब आपल्या धर्मग्रामांत विरळाच. म्हणून या विषयाचा थोडा खोलात जाऊन विचार करावा असे आम्हांस वाटले. त्यासाठी आम्ही महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील गोंदिया जिल्हा निवडला आहे.

मुंबईहून हावड्याकडे जाणाऱ्या वाचकांना गोंदिया हे एक मोठे रेल्वे जंक्शन म्हणून ठाऊक असेल. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव हे त्याचे आठ तालुके. उत्तरेला मध्य प्रदेश, पूर्वेला छत्तीसगड. तलाव, धानाची शेती आणि जंगल या तिन्हींवर येथील माणूस जगतो. या मुलखाला लोक झाडीपट्टी म्हणतात.

या मुलखात शिक्षकाला मान आहे. मनोहरभाई पटेल (१९०६–१९७०) यांनी १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली आणि गावोगावी शाळा उघडल्या. ९ फेब्रुवारी या त्यांच्या जयंतीला गुणवंत विद्यार्थ्यांना सुवर्णपदके दिली जातात. आमगावचे लक्ष्मणराव मानकर १९७७ साली भंडारा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. खासदार झाले तरी लोकांच्या तोंडी ते ‘मानकर गुरुजी’च राहिले. पदवी जाते, पद जाते, ‘गुरुजी’ मात्र राहते.

याच आमगावजवळ पद्मपूर नावाचे गाव आहे. संस्कृत नाटककार भवभूतीचे पद्मपूर ते हेच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी दाखवून दिले. आमगावच्या महाविद्यालयालाही भवभूतीचेच नाव आहे. या नाटककाराने आपल्या गुरूचे नावही सांगून ठेवले आहे. ते नाव ज्ञाननिधी. सुमारे तेराशे वर्षांपूर्वीच्या एका शिक्षकाचे नाव आपल्याला आज माहीत आहे ते केवळ त्याच्या विद्यार्थ्याने कृतज्ञतेने लिहून ठेवले म्हणून.

भवभूतीच्या ‘उत्तररामचरित’ नाटकाच्या दुसऱ्या अंकात एक विलक्षण प्रसंग आहे. आत्रेयी नावाची विद्यार्थिनी वाल्मीकींचा आश्रम सोडून दूर दंडकारण्यात शिकावयास निघाली आहे. कारण काय, तर वाल्मीकींच्या आश्रमात लव आणि कुश ही दोन मुले आली आहेत आणि त्यांच्या तल्लख बुद्धीबरोबर तिला धावता येत नाही. गुरू शिकवितो सर्वांना सारखेच, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. मण्यावर प्रतिबिंब उमटते, मातीवर उमटत नाही, त्याला गुरू काय करणार? वर्गात मागे पडणाऱ्या मुलीच्या मनाचे इतके जुने वर्णन आमच्या तरी वाचनात दुसरे नाही. तरीही भवभूतीशी आमचा नम्र मतभेद आहे. शिकवून झाल्यावर जे मूल मागे राहिले, त्याच्यापाशी शिक्षकाचे खरे काम सुरू होते, आणि त्याचा आनंदही तेथेच असतो. शिवाय पद्मपूरच्या आसपास धान पिकते ते मातीतच.

आपल्या ओळखीच्या कोणत्याही अनुभवी प्राथमिक शिक्षकाला विचारून पाहा. ‘तुम्हांला सर्वाधिक आनंद कधी झाला?’ या प्रश्नाला शिष्यवृत्ती मिळविलेल्या विद्यार्थ्याचे नाव तो सांगेलच, परंतु थोडे थांबलात तर दुसऱ्याच मुलाची गोष्ट निघते. पहिलीचे वर्ष गेले, दुसरीची दिवाळी गेली, तरी ‘क’ वेगळा, ‘म’ वेगळा आणि ‘ल’ वेगळा वाचणारे एखादे मूल असते. तिन्ही अक्षरे त्याला ओळखू येतात, शब्द मात्र लागत नाही. आणि मग एका दिवशी, का आणि कसे ते त्या शिक्षकालाही सांगता येत नाही, ते मूल ‘कमल’ म्हणून मोकळे होते. त्यानंतर त्याला थांबविणे कठीण. बिस्किटाच्या पुड्यावरील अक्षरे, एस.टी.वरील पाटी, भिंतीवरील जाहिरात, सारे काही ते मोठ्याने वाचत सुटते. हुशार मूल तर शिक्षकाशिवायही शिकले असते. हे मूल शिकले ते आपण त्याच्याजवळ बसलो म्हणून, ही खात्री शिक्षकाला मिळणाऱ्या कोणत्याही पुरस्कारापेक्षा मोठी असते.

गणिताचेही तसेच आहे. मे महिन्यात आईबरोबर तेंदूपानांचे पुडके बांधताना पानांच्या संख्येत कधी न चुकणारे पोर वर्गात हातच्याच्या वजाबाकीला अडते. त्याला संख्या कळत नाहीत असे नाही. फळ्यावरच्या संख्या आणि हातातल्या पानांच्या संख्या एकच आहेत, हे त्याला कोणी दाखविलेले नसते. ते दाखविण्यास युक्ती फार लागत नाही. वेळ मात्र लागतो. आमच्या मते येथील शिक्षकाचा आनंद आणि त्याचे आव्हान ही दोन्ही या एकाच गोष्टीत, म्हणजे वेळात, सामावलेली आहेत.

तो वेळ किती आहे, याचा हिशोब करू या. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस व ८०० तास अध्यापन झाले पाहिजे, म्हणजे दिवसाला चार तास. याच कायद्याप्रमाणे साठपर्यंत पटसंख्येच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. लहान गावांतील आणि टोल्यांवरील अनेक शाळा अशाच द्विशिक्षकी असतात. वर्ग चार, शिक्षक दोन. एका शिक्षकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी. पहिलीला अक्षरे गिरवावयास लावून दुसरीला शिकवावयाचे, मग दुसरीला पाढे लिहावयास सांगून पहिलीकडे वळावयाचे. म्हणजे कायद्यातील ८०० तासांपैकी प्रत्येक वर्गाच्या वाट्याला शिक्षकाचे प्रत्यक्ष लक्ष येते ते फार तर ४०० तास. एक शिक्षक बैठकीला वा प्रशिक्षणाला गेला की त्या दिवशी चारही वर्ग एकाकडे येतात आणि चार तासांचा एक तास होतो. त्या एका तासात ‘क-म-ल’वर अडलेल्या मुलाजवळ बसावयास किती मिनिटे उरत असतील, याचा वाचकांनीच अंदाज करावा.

यात भर पडते ती झाडीपट्टीच्या ऋतुचक्राची. उन्हाळ्याच्या कडाक्यामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. वर्ग जरा स्थिरावतात न स्थिरावतात तोच धानाच्या रोवणीचे दिवस येतात. आईवडील बांधीत उतरले की मोठी मुले हाताखाली आणि मधली मुले धाकट्यांना सांभाळावयास घरी. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्रभर नाटके आणि दंडारी चालतात आणि दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग रिकामा, उरलेला अर्धा पेंगत. (मंडईच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा ठेवू नये, हे शहाणपण कोणत्याही प्रशिक्षणात शिकविले जात नसावे.) त्याच सुमारास धानाची कापणी, मळणी. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचावयास घरची सारी माणसे जंगलात. या कामांना आम्ही दोष देत नाही. ज्या घराची वर्षाची मीठमिरची मोहफुलांवर आणि तेंदूपानांवर चालते, त्या घराला ‘मुलाला शाळेत पाठवा’ एवढे सांगून भागत नाही. जाणता शिक्षक रोवणीपूर्वी अवघड धडा घेत नाही आणि मोहाच्या दिवसांत उजळणी ठेवतो. हे वेळापत्रक कोठेही छापलेले नसते. चार-पाच वर्षे एकाच गावात काढली म्हणजे ते आपोआप अंगवळणी पडते.

आता शिक्षकाच्या वेळेवर पडणाऱ्या दुसऱ्या हातांकडे वळू. कायद्याचे सत्ताविसावे कलम सांगते की, दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपता येणार नाही. वाचताना हे कलम मोठे दिलासादायक वाटते. परंतु अपवादाच्या या तीन दारांतूनच पुष्कळ काही आत येते. मतदार याद्यांचे काम वर्षाकाठी कितीदा निघते, हे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून नेमणूक झालेल्या शिक्षकांना विचारावे. २०११ नंतर लांबणीवर पडलेल्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरविण्यात आली. देशातील माणसे मोजण्याचे काम नेहमीप्रमाणे मुख्यतः शिक्षकांच्याच खांद्यावर येते.

त्याशिवाय रोजचे हिशोब आहेत. १९९५ साली केंद्राने सुरू केलेली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ सालच्या आदेशानंतर शिजविलेल्या अन्नाच्या रूपात स्थिरावलेली मध्यान्ह भोजन योजना ही आमच्या मते स्वतंत्र भारतातील सर्वांत चांगल्या योजनांपैकी एक. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम. ज्या मुलाने सकाळी काही खाल्लेले नसते, त्याचे लक्ष दुपारनंतरच वर्गात असते, हे शिक्षकाइतके कोणालाच ठाऊक नसते. म्हणून खिचडीबद्दल त्याची तक्रार नाही. तक्रार आहे ती तांदळाच्या आणि डाळीच्या शिल्लक साठ्याची, लाभार्थीसंख्येची आणि ती रोज मोबाईलवरून कळविण्याची. त्यावर विद्यार्थ्यांची ऑनलाईन माहिती, आधार क्रमांकातील चुकांची दुरुस्ती, उपक्रमांची छायाचित्रे. जंगलातील गावात मोबाईलला रेंज मिळेपर्यंत शिक्षक अंगणातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून टेकाडावर जातो. वर्ग तोवर पाढे लिहीत असतो.

भाषेचा प्रश्न मात्र याहून खोल आहे, आणि त्यावर सर्वांत कमी बोलले जाते. गोंदिया शहरात हिंदीचा वावर मोठा. खेड्यांत झाडीबोली, पोवारी, सीमेवर छत्तीसगढी, देवरी-सालेकशाकडील आदिवासी गावांत गोंडी. शाळेत येणाऱ्या मुलाची प्रमाण मराठीशी पहिली भेट बरेचदा पाठ्यपुस्तकातच होते. झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘र’ ऐकू येतो. मूल घरी ‘पानी’ पिते आणि त्याला ‘डोरे’ असतात. ते तसेच वहीत उतरते आणि त्यावर लाल रेघ येते. ज्याला आपण अशुद्ध लेखन म्हणतो, ते त्या मुलाचे अचूक श्रवण असते. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा आयुष्यभर अभ्यास करून या बोलीला स्वतःचे नियम आहेत हे दाखवून दिले. ते नियम ठाऊक असलेला शिक्षक ‘तू चुकलास’ असे म्हणत नाही. ‘घरी डोरा, पुस्तकात डोळा,’ असे तो सांगतो आणि मुलाला दोन्ही शब्द मिळतात.

गोंडी बोलणाऱ्या मुलाची अडचण आणखी मोठी. गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा. तीत पाण्याला ‘येर’ म्हणतात. ‘पाणी’ आणि ‘येर’ यांत साम्य शोधून सापडावयाचे नाही. असे मूल वर्गात गप्प बसते आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ ‘याला काही येत नाही’ असा लावला जातो. आत्रेयीने म्हटलेली माती ती हीच काय? येथे आम्हांस संत जॉन बाप्टिस्ट दे ला साल (१६५१–१७१९) यांची आठवण होते. पोप बारावे पायस यांनी १५ मे १९५० रोजी त्यांना सर्व शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. फ्रान्समधील गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढताना त्यांनी त्या काळी धाडसाचा वाटावा असा एक निर्णय घेतला. मुलांना वाचन प्रथम लॅटिनमधून शिकविण्याची रीत सोडून त्यांनी ते मुलांच्या फ्रेंच भाषेतून सुरू केले. तीनशे वर्षांनंतर सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी पाठ्यपुस्तके त्यांच्या भाषेत आणली. २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले आणि बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. वृत्तपत्रांनी क्यूआर कोडचे कौतुक अधिक केले. त्या कोडच्या मागे मुलांच्या घरची भाषा होती, ही गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. शिक्षण हक्क कायद्यातही, शक्य तेथवर, मातृभाषेतून शिकविण्याचे बंधन आहे. ‘शक्य तेथवर’ या दोन शब्दांत गोंडी मुले अडकली आहेत.

पगाराविषयी थोडक्यात. शिक्षकांना भरपूर वेतन मिळते असा समज आहे आणि कायम सेवेतील शिक्षकांपुरता तो बऱ्याच अंशी खराही आहे. परंतु २००० साली आलेल्या शिक्षणसेवक योजनेनुसार पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर काढावी लागतात. प्राथमिकसाठी ते आरंभी महिना ३,००० रुपये होते, पुढे ६,००० झाले आणि जानेवारी २०२३ पासून १६,००० झाले. विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांची कथा याहून दुःखद. अशा शाळांच्या नावामागचा ‘कायम’ हा शब्द २००९ साली निघाला, तरी अनुदानाच्या टप्प्यांची वाट पाहण्यात कित्येकांची उमेदीची वर्षे सरली.

आणि आता वयाच्या पंचेचाळिशीत परीक्षा. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालानुसार ज्यांची पाच वर्षांहून अधिक सेवा शिल्लक आहे, अशा कार्यरत शिक्षकांनीही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक ठरले. अल्पसंख्याक संस्थांना हा कायदा लागू व्हावा की नाही, हा प्रश्न त्याच निकालात मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला. आपल्या संस्थाचालकांनी त्याकडे लक्ष ठेवणे अगत्याचे आहे. शिक्षकाने शिकत राहिले पाहिजे याबद्दल दुमत नाही. मात्र वीस वर्षे चार वर्ग एकट्याने सांभाळणाऱ्या बाईंची पात्रता दीडशे पर्यायी प्रश्नांवरून ठरवावी, यात काहीतरी खटकते एवढे नमूद करतो.

शिक्षकांची बाजू मांडताना गावाची तक्रार लपविणे बरे नव्हे. ‘गुरुजी तालुक्याहून अप-डाऊन करतात, गावात राहत नाहीत,’ असे पालक म्हणतात आणि ते खोटे नाही. पाचच्या गाडीने निघून जाणाऱ्या शिक्षकाला कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचा बाप वीटभट्टीवर गेला आहे, हे कळत नाही. दुसऱ्या बाजूने, गावात भाड्याने घर नसते, पती वा पत्नीची नोकरी दुसऱ्या तालुक्यात असते, आणि स्वतःच्या मुलांसाठी शिक्षकालाही शहरातील शाळा हवी असते. नक्षलवादाच्या सावटाच्या वर्षांत पूर्वेकडील तालुक्यांत बदली झाली की घरात रडारड होत असे. त्या काळातही तेथे राहून शाळा चालविणारे शिक्षक होते. त्यांची नावे वर्तमानपत्रांत आली नाहीत; त्यांचे विद्यार्थी गोंदियाच्या फलाटावर गर्दीतून वाट काढून त्यांच्या पाया पडतात, तेवढीच त्यांची प्रसिद्धी.

पालकांना काय करता येईल, असे वाचक विचारतील. कायद्याने प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. अल्पसंख्याक शाळांत ही समिती केवळ सल्ला देते, तरी सल्ला देण्यास कोणाची आडकाठी नाही. अशा समितीच्या सभेत बहुधा कुंपण, रंगरंगोटी, पाण्याची टाकी आणि वार्षिकोत्सव एवढेच विषय निघतात. तेथे एक साधी वही ठेवता येईल. तीत तारीख, कोणते शिक्षक वर्गाबाहेर होते, कोणत्या कामासाठी आणि कोणाच्या आदेशाने, एवढे चारच रकाने असावेत. महिन्याअखेरीस बेरीज करावी, ती सभेत मोठ्याने वाचावी आणि तिची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी. शिक्षकाने स्वतः ही बेरीज मांडली तर ती कामचुकारपणाची सबब ठरते. रोवणीहून आलेल्या एखाद्या आईने ती मांडली, तर तिला कोणी तसे म्हणू शकणार नाही.